तयार फाइल

चाकण एमआयडीसीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवणारी एक कंपनी आहे. या जुडग्यांना तिथे हार्नेस म्हणतात. बारीक काम, भराभर चालणारी बोटं लागतात, म्हणून लाइनवर जवळपास सगळ्या बायकाच. बऱ्याचशा बीड, परभणीकडून नवऱ्याबरोबर आलेल्या, महाळुंग्यात नाहीतर खराबवाडीत एक खोली घेऊन राहणाऱ्या आणि कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या.

अल्फिया मुलाणी या कंपनीत नेटवर्क सांभाळायची. राहायला काळेवाडीत. वडील अन्वरभाई यांचं तिथेच दुचाकींचं गॅरेज. पिंपरीत डिप्लोमा करून ती इथे लागली आणि कामात चोख असल्यामुळे पर्मनंटही झाली. कंपनीतून इंटरनेटवर जे जे जायचं आणि यायचं, ते एका मशीनमधून जायचं. ते मशीन म्हणजे प्रॉक्सी सर्व्हर. त्याची देखभाल अल्फियाकडे होती. कुठली साइट उघडू द्यायची, कुठली नाही, कशाची नोंद ठेवायची, हे त्या मशीनला एका फाइलमधून सांगावं लागतं. तिच्या आधी तिथे असलेल्या रोहिदासने ती फाइल स्वतः लिहिली होती. साध्या ओळी, प्रत्येक ओळीशेजारी कारण. कोणीही वाचावी आणि समजून घ्यावी, अशी.

मग एचआर आणि वरच्या साहेबांनी मिळून एक एजन्सी नेमली. आता फाइल तिकडून तयार येऊ लागली. कम्पाइल केलेली, म्हणजे मशीनला कळणारी, माणसाने उघडली तर नुसती कचराकुंडी दिसावी अशी. एजन्सीचा माणूस सुजित पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मॅडम, ही उघडायची नाही. टाकायची आणि विसरायची. डोक्याला ताप नाही." अल्फियाला ते आवडलं नव्हतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याने झाकण लावून ठेवलेलं पातेलं असावं, तसं तिला वाटायचं. पण आदेश वरून होता. दर महिन्याला नवी फाइल यायची आणि ती टाकायची.

शेडच्या पत्र्याखाली फोनला रेंज मिळत नसे. म्हणून कँटीनमध्ये कामगारांसाठी फुकट वायफाय होतं. त्यासाठी फोनमध्ये कंपनीचं हजेरीचं अ‍ॅप घ्यावं लागे आणि अ‍ॅपबरोबर एक सर्टिफिकेटही बसवावं लागे. त्या सर्टिफिकेटमुळे, एरवी कुलूपबंद जाणारी माहितीसुद्धा प्रॉक्सीला दारातच उघडून बघता यायची. व्हायरस तपासायला ते लागतं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. अल्फियानेही तेच सांगितलं होतं.

एक दिवस श्रद्धा नावाची लाइनवरची मुलगी तिच्या टेबलाशी आली. काम सोडणाऱ्याच्या फोनमधून अ‍ॅप काढून द्यायचं काम आयटीकडे असे. श्रद्धाने फोन पुढे केला. तिचे डोळे सुजले होते.

"दुसरीकडे लागली का नोकरी?" अल्फियाने सहज विचारलं.

"न्हाई मॅडम. काढून टाकलं. ठेकेदार म्हनला, तुला काम जमंना. मागच्याच महिन्यात लाइनवर पहिला नंबर काढला व्हता माझा." मग श्रद्धा खाली वाकून हळू म्हणाली, "मॅडम, मला दिवस गेलेत. पर ही गोष्ट म्या नवऱ्यालाबी सांगितली नव्हती. सासूला न्हाई, आईला न्हाई. आन जाताना ठेकेदाराची हजेरी घेनारी बाई मला म्हनती, आता घरी आराम कर, पोटातल्याला जप. तिला कोन सांगितलं?"

"दवाखान्यात गेली होतीस?"

"अजून कुठं? नुसतं कँटीनमधी बसून फोनवर बघितलं व्हतं. पाळी चुकली की किती दिवसांनी कळतंय, आन उभ्यानं काम केलं तर चालतंय का."

अल्फियाने अ‍ॅप काढलं, सर्टिफिकेट काढलं, श्रद्धाचा नंबर लिहून घेतला आणि फोन परत दिला. श्रद्धा गेली. गेल्या काही महिन्यांत आपल्या टेबलाशी अ‍ॅप काढायला आलेल्या बायका अल्फियाला आठवू लागल्या. एक नवी लग्न झालेली होती. एक सारखी पोटाशी हात धरून उभी होती. तिला तेव्हा वाटलं होतं, कामाचा जाच होत असेल.

तिने सुजितला फोन लावला. फाइलमध्ये नक्की काय आहे, असं विचारलं. तो हसला. "मॅडम, ते मलापण उघडता येत नाही. आमची टीम बनवते. तुमचं सगळं व्यवस्थित चालू आहे ना? मग झालं."

तिने प्रॉक्सीवरून बाहेर काय जातं ते तपासलं. रोज संध्याकाळी शिफ्ट सुटली की एजन्सीच्या पत्त्यावर काहीतरी छोटंसं जात होतं. कुलूप लावलेलं. आत काय आहे ते दिसत नव्हतं. पिशवी कळत होती, पिशवीतलं कळत नव्हतं.

मग तिने एकच उपाय केला. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये तेच अ‍ॅप होतं. जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये बायकांच्या शेजारी बसली, वायफाय लावलं आणि श्रद्धाने शोधलं होतं तेच शोधलं. त्याच शब्दांत, मराठीत. तिचं लग्न झालेलं नव्हतं. टाइप करताना तिचा अंगठा अडखळला. पण दुसऱ्या कुणाचं नाव वापरणं तिला बरोबर वाटलं नाही.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी एचआरच्या निरंजन सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

निरंजन सरांच्या केबिनमध्ये मोगऱ्याच्या स्प्रेचा वास असायचा, इतका की घशात चिकटावा. कागद उलटताना ते बोट जिभेला लावायचे आणि बोलताना बडीशेप चघळायचे. त्यांनी दार लावून घेतलं.

"बस. पाणी घे. घरी सगळं ठीक?"

"हो सर."

"अब्बांचं गॅरेज आहे ना काळेवाडीला? साधी, कष्टाळू माणसं." त्यांनी बडीशेपेची डबी तिच्यापुढे केली. तिने नको म्हणून मान हलवली. "हे बघ अल्फिया, मी तुला धाकट्या बहिणीसारखी मानतो. या वयात माणसाकडून चूक होते."

"कसली चूक सर?"

"आता मला बोलायला लावू नकोस. तुझ्या नोकरीला काही होणार नाही, तू पर्मनंट आहेस, काळजी करू नकोस. पण वेळेत काय ते निस्तर. आणि मुलगा कंपनीतला आहे का, एवढं फक्त मला सांग. प्लांटच्या नावाचा प्रश्न असतो."

अल्फियाच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. ती इतकंच म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अशा गोष्टी लपत नसतात गं," सर म्हणाले आणि हसले. दातात बडीशेपेचा हिरवा कण अडकला होता. हसताना त्यांची नजर एकदा तिच्या ओढणीवरून खाली सरकली आणि पोटावर थांबली.

ती उठून बाहेर आली. मळमळ छातीपर्यंत आली होती. बाथरूमपर्यंत पोचली, बेसिनवर वाकली आणि तिथेच तिने तोंड घट्ट दाबून धरलं. मागे ऑफिसमधल्या दोन बायका केस विंचरत उभ्या होत्या. आपण आत्ता ओकलो, तर उद्या सगळं ऑफिस हेच म्हणणार: बघा, खरंच होतं. तिने तोंडात आलेलं ते कडू पाणी गिळलं. त्या माणसाच्या नजरेची किळस तिच्या पोटात परत गेली आणि तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने सुजितला प्लांटवर बोलावून घेतलं. सांगितलं की आमच्या साहेबांना रिपोर्ट नीट समजत नाही, मला दाखवा म्हणजे मी समजावते. सुजित खुशीत आला. पिंपळे सौदागरला राहणारा, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा तरुण. मीटिंग रूममध्ये त्याने लॅपटॉप उघडला आणि दुकानदार साड्यांच्या घड्या उलगडतो तसा एकेक पान उलगडू लागला.

"हा तुमचा प्लांट. आणि ही पॅकेजेस. हे 'नोकरी शोध', म्हणजे कोण दुसरीकडे अर्ज करतंय. हे 'कर्ज'. हे 'युनियन', हे तर सगळेच घेतात. आणि हे तुमच्या सरांचं लाडकं, 'मातृत्व'." पानाच्या वरच्या कोपऱ्यात बाळाच्या पावलांचं गुलाबी चित्र होतं. खाली कामगारांचे नंबर आणि प्रत्येकापुढे ठिपका. हिरवा, पिवळा, लाल. "पिवळा म्हणजे संशय. लाल म्हणजे जवळपास नक्की. आपण बाईला काही विचारत नाही, त्रास देत नाही. ठेकेदाराला नंबर कळवायचा, बस्स. पोट दिसायच्या आत काम होतं. पुढे बाळंतपणाची रजा नको, कटकट नको."

"आणि फाइल कम्पाइल करून का देता? साधी का नाही देत?"

"अहो, तोच तर फायदा आहे राव!" सुजित उत्साहाने म्हणाला. "उद्या कोणी विचारलंच, तर गिऱ्हाईक म्हणू शकतं, आत काय आहे आम्हाला माहीत नाही. आणि ते खरंच असतं. आम्ही म्हणतो, गिऱ्हाइकाने मागितलं तसं दिलं. तेही खरंच असतं. कोणीच खोटं बोलत नाही."

अल्फियाने फोन काढला. "साहेबांना दाखवायला फोटो घेते."

"घ्या की. हा पण घ्या, ताजा आहे." त्याने यादीतल्या सगळ्यात वरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही लाइनवरची नाही, स्टाफमधली. अनमॅरिड. परवा रिपोर्ट गेला तर सरांचा स्वतः फोन आला. म्हणाले, सुजित, कमाल आहे तुझ्या मालाची."

अल्फियाने फोटो घेतला. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून लॅपटॉपच्या शेजारी ठेवलं.

"हा नंबर माझा आहे."

सुजितने ओळखपत्र बघितलं, स्क्रीन बघितली. त्याचा चेहरा उतरला. मग खुर्ची पुढे सरकवून, आवाज खाली आणून, अगदी मनापासून म्हणाला, "सॉरी मॅडम. खरंच सॉरी. मला माहीत नव्हतं. एक काम करतो, तुमचा तेवढा नंबर काढून टाकतो. कोणाला कळणार नाही."

तो लाजला असता, घाबरला असता, उलटा चिडला असता, तरी तिला चाललं असतं. 'तुमचा तेवढा' ऐकून तिला त्या लॅपटॉपची, त्या खुर्चीची, त्याचा हात लागलेल्या प्रत्येक वस्तूची शिसारी आली. ती उठली.

संध्याकाळी ती बसमधून उतरून थेट गॅरेजवर गेली. अन्वरभाई एका स्कूटरचं चाक बसवत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"तुझ्या कंपनीतून फोन आला होता दुपारी," ते म्हणाले. "निरंजन नाव सांगितलं. लई गोड बोलत होता. म्हणाला, मुलीकडे जरा लक्ष द्या."

अल्फिया तिथल्या टायरवर बसली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माझ्या मुलीचं काय असेल ते मला ती सांगेल. तुम्ही कोण?" अन्वरभाईंनी नट आवळला, पाना खाली ठेवला आणि फडक्याने हात पुसले. "आता सांग."

तिने सगळं सांगितलं. फाइल, श्रद्धा, गुलाबी पावलं, लाल ठिपका. अन्वरभाई ऐकत राहिले. त्यांना प्रॉक्सी वगैरे कळलं नाही, बाकी सगळं कळलं. शेवटी ते इतकंच म्हणाले, "म्हणजे ही माणसं बायांच्या पोटात हात घालून बघतात. आणि तुझ्या हाताने."

"माझ्याच हाताने, अब्बा."

"मग हात काढून घे. नोकरीचं बघू."

सकाळी प्लांटवर गेल्या गेल्या तिने एजन्सीची फाइल मशीनवरून काढली आणि रोहिदासची जुनी, साधी फाइल लावली. कोणालाही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये गेली आणि शालनबाईंच्या समोर बसली. शालनबाई महाळुंग्याच्याच, लाइनवर सगळ्यांत जुन्या. त्यांचा शब्द बायका मानत.

अल्फियाने सोप्या शब्दांत सांगितलं आणि फोटो दाखवला. शालनबाईंचा घास हातातच राहिला.

"म्हंजी आमी हितं बसून बोटानं जे दाबतो, त्ये त्यो सायेब वाचतो व्हय?"

"सगळं नाही. त्यांना हवं तेवढं."

"आन श्रद्धीला म्हून काढली?"

"हो."

शालनबाईंनी घास ताटात टाकला. वळून आख्ख्या कँटीनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग चेहरे एकेक करून बदलत गेले. प्रत्येक बाई आपण काय काय शोधलं होतं ते आठवत होती. एकीने तोंडावर पदर धरला. एक खुळ्यासारखी हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिने अंगावर जाणाऱ्या पांढऱ्याचं औषध शोधलं होतं. एकजण उठून मोरीशी गेली आणि सरळ ओकली. शेजारणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"हे काढायचं कसं?" कोणीतरी विचारलं.

अल्फियाने स्वतःचा फोन वर धरला आणि सर्टिफिकेट कुठे असतं, कसं काढायचं ते दाखवलं. ज्यांना जमेना त्यांना दुसऱ्यांनी करून दिलं. फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागले. सुट्टी संपल्याची बेल झाली तरी कोणी उठलं नाही. लाइन थांबली, आणि लाइन थांबली की वरचा मजला हलतो. निरंजन सर खाली आले.

"काय चाललंय? अल्फिया, हे काय आहे?"

अल्फियाच्या आधी शालनबाई उभ्या राहिल्या. "सायेब, माझी पाळी जाऊन वरसं झाली. तरीबी म्या फोनवर काय काय हुडकलंय ते सांगा की हितं, समद्यांफुडं. तुमाला तर म्हाईत आसंल."

"हे बघा बाई, हे सगळं तुमच्याच सुरक्षिततेसाठी असतं—"

"थू!" शालनबाई म्हणाल्या. त्या थुंकल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या. पण निरंजन सरांनी गालावर हात नेला, जणू खरंच काही उडालं होतं. बाकीच्या बायका त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ते दोन पावलं मागे सरकले आणि जिन्याकडे वळले.

त्याच दिवशी अल्फियाला निलंबनाचं पत्र मिळालं. सुरक्षेच्या यंत्रणेत परवानगीशिवाय बदल केला, असं कारण होतं. तिने श्रद्धाला फोन केला. दोघी कामगार अधिकाऱ्याकडे गेल्या, फोटो दिला, तक्रार दिली. कँटीनमधल्या बऱ्याच बायकांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले.

सुनावणीत सुजित सांगून गेला होता तसंच सगळं झालं. कंपनीचा वकील म्हणाला, फाइल कम्पाइल केलेली होती, आत काय होतं ते आमच्या अशिलाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. एजन्सीने लिहून दिलं की, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे उत्पादन पुरवलं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत नव्हते. दोघंही हात झटकून, सभ्यपणे शेजारी शेजारी बसले होते. अधिकाऱ्यांनी ठेकेदाराला धारेवर धरलं आणि श्रद्धाला कामावर परत घ्यायला, बाळंतपणाची रजा द्यायला लावली. कंपनीने कँटीनमधलं वायफायच बंद करून टाकलं. निरंजन सरांची दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या प्लांटवर बदली झाली, वरच्या हुद्द्यावर. निरोपाच्या केकचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर आला. त्यात त्यांचं बोट क्रीमने भरलं होतं आणि जिभेला टेकलं होतं.

निलंबनाची मुदत संपायच्या आधीच अल्फियाने राजीनामा दिला. त्या जिन्यावरून पुन्हा चढायची तिची इच्छा नव्हती. भोसरीत एका छोट्या कारखान्यात तिला काम मिळालं. तिथे नियमांची फाइल ती स्वतः लिहिते.

श्रद्धाला मुलगा झाला. अल्फिया बारशाला जाऊन आली. श्रद्धाने अजून फोनमध्ये इंटरनेट घेतलेलं नाही. काही विचारायचं असलं, तर चालत दवाखान्यात जाते.

त्यानंतर एकदा, नाशिक फाट्याजवळ बसची वाट बघत असताना, एक गाडी अल्फियाच्या पुढ्यात येऊन थांबली. सुजित उतरला. त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

"मॅडम! ओळखलंत ना? मुलगी झाली मला. तोंड गोड करा." तो खरंच आनंदात होता. "आणि राग नाही ना धरला? ते जुनं पॅकेज बंद केलं आम्ही. नवीन आणलंय. 'सखी' नाव ठेवलंय, बायकांना आपलंसं वाटतं. तुमच्या नव्या कंपनीत एकदा दाखवायला येऊ का?"

अल्फियाने बॉक्सकडे बघितलं. "बायकोने तुम्हाला स्वतः सांगितलं होतं का? का तुम्हाला आधीच रिपोर्ट आला होता?"

सुजित हसला. मग हळूहळू त्याचं हसू थांबलं. तरीही त्याने एक पेढा उचलून तिच्या हातावर ठेवलाच. लहान मुलीच्या नावाचा पेढा रस्त्यावर टाकणं तिच्याच्याने झालं नाही. बस आली तेव्हा तो पेढा तिने त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला, ओढणीच्या टोकाने बोटं पुसली आणि ती बसमध्ये चढली.